जिंजरब्रेडचं घर अंड्याशिवाय उभं राहतं का? (घरात माळकरी सासूबाई आहेत)

पेग्नित्सकाठ | २० नोव्हेंबर, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आम्ही न्यूरेंबर्गला लागून असलेल्या एर्लांगनमध्ये राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. यंदा ऑक्टोबरच्या मध्यात सांगलीहून सासूबाई आल्यात, आठ जानेवारीला परत जातील. त्या माळकरी आहेत. अंडं घातलेला पदार्थ खात नाहीत, आणि आम्ही कोणी कधी त्यांना आग्रहही करत नाही.

मुलगी तीन वर्षांची होती तेव्हापासून दर डिसेंबरात आम्ही लेबकुखनचं घर करतो. लेबकुखन म्हणजे इथला मधाचा, मसाल्याचा केक. घरासाठी त्याचा कडक प्रकार लागतो. शेजारच्या बाई त्याला ‘हेक्सनहाउस’ म्हणतात, चेटकिणीचं घर. ग्रिम बंधूंच्या हेन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतलं. १८१२ सालच्या त्या गोष्टीत घर पावाचं आहे, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या. बालवाडीतल्या बाईंनी ती गोष्ट वाचून दाखवल्यापासून धाकट्याला फक्त खिडक्या हव्यात. आरपार दिसणाऱ्या.

आमची कृती शेजारच्या बाईंनीच दिलेली आहे. पिठात दोन अंडी, आणि भिंती चिकटवायला अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर यांचं आयसिंग. आजवर त्यात काही अडलं नाही. परवा मुलगी कागदावर घराचा नकाशा काढत बसली होती. आजीनं कुठला भाग सजवायचा हे ठरवताना तिनं मध्येच थांबून मला विचारलं, “आजी लावणार, पण खाणार नाही? मग ते तिचं घर कसं?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ठरवलंय की यंदाचं घर असं करायचं, ज्याचा प्रत्येक तुकडा घरातल्या प्रत्येकाला खाता येईल.

आता अडचणी. गेल्या वर्षी आमचं छप्पर घसरलं. अंडं घालूनही. दोन्ही बाजू लावल्या, मुलांनी लगेच गोळ्या चिकटवायला सुरुवात केली, आणि वीस मिनिटांत एक बाजू हळूहळू खाली येऊन अंगणात पडली. धाकटा तासभर रडत होता. त्रिकोणी भिंती तळाशी १२ सेंटीमीटर रुंद होत्या आणि कडेच्या उंचीपासून टोक आणखी १० सेंटीमीटर वर. अंडं असताना ही गत, तर अंड्याशिवाय काय होईल अशी भीती वाटते.

दुसरं, इथल्या बहुतेक अस्वलाच्या आकाराच्या चघळायच्या गोळ्यांत डुकराचं जिलेटीन असतं. त्याऐवजी सजावटीला काय वापरता? तिसरं, दुकानात लेबकुखनचं पीठ फुगवायला ‘हिर्शहॉर्नझाल्त्स’ नावाची पुडी मिळते. शब्दशः अर्थ हरणाच्या शिंगाचं मीठ. सासूबाईंनी अर्थ विचारला आणि मी सांगितला. त्यांनी पुडी तशीच कट्ट्यावर ठेवून दिली.

ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी घर उभं करायचं आहे. कोणी अंड्याशिवाय केलं असेल तर अगदी बारकाव्यानिशी सांगा.

फ्योर्डकाठ | २० नोव्हेंबर, रात्री ११.०२

आम्ही बर्गनला, नॉर्वेत. इथल्या पेपरकाकेच्या, म्हणजे इथल्या जिंजरब्रेडच्या, पिठात मुळात अंडं नसतंच! काकवीसारखं सिरप, साखर, लोणी, थोडी साय, मैदा आणि मसाले. त्यामुळे पिठाची काळजी सोडा. घर अंड्यानं उभं राहत नाही, नीट भाजण्यानं उभं राहतं.

चिकटवायला आमच्याकडे बरेच जण आयसिंग वापरतच नाहीत. पसरट कढईत कोरडी साखर वितळवायची, सोनेरी झाली की भिंतीची कड त्यात बुडवायची आणि लगेच दुसऱ्या भिंतीला टेकवायची. दहा सेकंदांत दगडासारखं बसतं. पण हे काम फक्त मोठ्यांचं. साखर १६० अंशांच्या वर गेलेली असते आणि कातडीला चिकटून बसते. मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

इथे १९९१ पासून दर वर्षी पेपरकाकेचं अख्खं शहर मांडतात. बालवाड्या, शाळा, कुटुंबं, सगळे आपापली घरं आणून देतात. २००९ मध्ये उघडण्याच्या आधी कोणीतरी रात्री घुसून ते सगळं मोडलं होतं. लोकांनी पुन्हा पीठ मळलं आणि पुन्हा घरं आणून दिली. तुमच्या धाकट्याला हे सांगा. एक छप्पर पडलं तर काय झालं, इथे शहर पडलं होतं.

पोळपाट | २१ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

पेग्नित्सकाठ ताई, मी श्टुटगार्टला बेकरीत काम करते. एकेक घेऊ.

आधी ते मीठ. नाव जुनं आहे. पूर्वी खरंच शिंगांपासून काढायचे. आता ते अमोनियमचे क्षार कारखान्यात तयार करून विकतात, त्यात शिंग नसतं. तरी आजींच्या मनात किंतु असेल तर ते वापरूच नका. शेजारीच ‘पोटआश’ची पुडी असेल. ते पोटॅशियम कार्बोनेट. मधाच्या पिठाला तेवढं पुरतं. ते पीठ उंच न फुगवता आडवं पसरवतं, म्हणून सपाट भिंतींना चांगलं. एक सूचना: पोटआश घातलेलं कच्चं पीठ मुलांना चाटू देऊ नका.

मी करते ते प्रमाण: २५० ग्रॅम मध, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळायचं नाही. कोमट झालं की ५०० ग्रॅम मैदा, दोन चमचे लेबकुखन मसाला, एक मोठा चमचा कोको. पोटआश ५ ग्रॅम, दोन-तीन मोठे चमचे दुधात वेगळं विरघळवून शेवटी. पीठ हाताला चिकट लागेल. तरी वरून मैदा घालायचा नाही. झाकून रात्रभर थंड जागी ठेवा, सकाळी ते आपोआप आवळलेलं असतं. ६ मिलिमीटर जाड लाटा, १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. बाहेर आल्या आल्या, गरम असतानाच, कागदी साचा वर ठेवून कडा पुन्हा सरळ कापा. भाजताना पीठ पसरतं आणि कडा वाकड्या होतात. वाकड्या कडेवर कुठलंच आयसिंग टिकत नाही.

मग दोन दिवस जाळीवर उघड्यावर वाळू द्या. ही पायरी कोणी पाळत नाही आणि मग छपराला दोष देतात.

आता छप्पर. १२ रुंदीला टोक १० वर म्हणजे फारच उभा उतार. टोक ५ सेंटीमीटरच वर घ्या. मग उताराची बाजू साधारण ७.८ सेंटीमीटर येते. छप्पर १० चं कापलंत की दोनेक सेंटीमीटर पुढे वळचणीला येईल.

आयसिंग अंड्याशिवाय: काबुली चण्याचं पाणी. डब्यातलं, मीठ नसलेलं. किंवा घरी चणे शिजवून त्यांचं पाणी पांढऱ्या बलकाइतकं दाट होईपर्यंत आटवायचं. तीन मोठे चमचे पाणी फेटून फेस आणा, मग २५० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर थोडी थोडी, शेवटी लिंबाचे चार थेंब. चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. बलकाच्या आयसिंगपेक्षा हे हळू वाळतं, म्हणून भिंती उभ्या केल्यावर रात्रभर थांबायचं. छप्पर दुसऱ्या दिवशी. छपरावरच्या गोळ्याही ते आडवं असतानाच लावून वाळवून घ्या.

चणे म्हटल्यावर वास येईल असं वाटतं, पण लिंबानं जातो.

वसईचा_किनारा | २१ नोव्हेंबर, दुपारी १.१०

आमच्याकडे नाताळला नेवऱ्या आणि दोदोलच जास्त. पण लेकीच्या हट्टापायी दोन वर्षं हे घर केलं. इथल्या हवेत ते तिसऱ्या दिवशी मऊ पडून बसकण मारतं. मध हवेतलं पाणी ओढतो. उपाय एवढाच की तुकडे ११० अंशांच्या ओव्हनमध्ये पुन्हा अर्धा तास सुकवायचे आणि नाताळच्या आदल्या दिवशीच उभं करायचं. तुमच्याकडे हीटरनं हवा कोरडी असते, तुम्हाला हा त्रास नाही. चहाच्या किटलीजवळ मात्र ठेवू नका.

सहज_विचारतो | २१ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

एवढा खटाटोप कशाला? सुपरमार्केटात तयार भिंतींचा संच मिळतो. तो आणा, मुलांना जोडायला द्या.

पेग्नित्सकाठ | २१ नोव्हेंबर, रात्री ९.५०

सर्वांचे मनापासून आभार. पोळपाट, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. शिंगाचं कळल्यावरही त्या म्हणाल्या, “दुसरी पुडी आहे ना, मग तीच घे.” चण्याच्या पाण्यावर मात्र त्या खूश आहेत. “ते मी आटवते,” म्हणाल्या आणि चणे भिजतही घातले.

सहज_विचारतो, संच आम्ही एकदा आणला होता. त्यावर साहित्याच्या यादीत अंड्याची पूड होती. आणि पीठ मळायचं, लाटायचं काम गेलं की आजीच्या हातांना त्या घरात काही उरत नाही. तेच तर मला नको आहे.

शनिवारी मुलांना घेऊन बाजारात मसाला आणायला गेलो की कळवते.

पेग्नित्सकाठ | ९ डिसेंबर, रात्री १०.३०

घर उभं आहे! आठ दिवस झाले, छप्पर जागेवर आहे. सविस्तर लिहिते, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

पहिल्या ॲडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार उघडतो. त्या संध्याकाळी सासूबाईंना घेऊन गेलो. तिथला एलिझनलेबकुखन फार नावाजलेला. त्यात निदान पाव भाग सुका मेवा असावा आणि मैदा दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असा नियम आहे. पण त्यात अंडं असतं, त्यामुळे सासूबाईंनी तो फक्त हातात धरून वास घेतला. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ ओळखलं. मग पुन्हा वास घेऊन म्हणाल्या, “ह्यात धने आहेत.” मी नाही म्हटलं. गोड पदार्थात धने कसे असतील? विकणाऱ्या बाईंना विचारलं तर खरंच धने होते, बडीशेपेसारखं अनीसही. एवढी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं. घरच्या घरासाठी मग तयार पुडी आणलीच नाही. सासूबाईंनी दालचिनी, लवंगा, धने, वेलदोडे, जायफळ, सुंठ मंद भाजून खलात कुटलं. त्या रात्री जिन्यापर्यंत वास होता.

या भागात मधाचा केक का, हे मुलीनं शाळेत ऐकून आजीला सांगितलं. शहराभोवतीच्या राइक्सवाल्डच्या जंगलात मधमाश्या पाळणाऱ्यांना हक्क दिलेले होते, आणि मसाले व्हेनिसकडून येणाऱ्या व्यापारी रस्त्यानं शहरात पोचायचे. दोन्ही गोष्टी एका गावात आल्या. १६४३ मध्ये तर लेबकुखनवाल्यांचा स्वतंत्र संघच झाला. आजीनं लगेच विचारलं, “वेलदोडा कुठनं येत होता मग? आपल्याकडनंच की.” मुलगी गप्प बसून विचार करत राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिनं नकाशावर मलबारचा किनारा शोधून काढला.

पीठ रात्रभर ठेवलं. सकाळी अगदी पोळपाट म्हणाल्या तसं आवळलेलं. लाटायला सासूबाईच. मी लाटते तेव्हा मधे जाड आणि कडेला पातळ होतं, त्यांची भिंत चारी बाजूंना सारखी. छप्पर कापताना त्यांनी त्यांच्या पेटीतलं करंज्यांचं कातण काढलं. त्याची नक्षीदार कड छपराला दिली. वळचण अगदी कौलांसारखी दिसते. ही कल्पना मला सुचली नसती.

खिडक्यांसाठी पारदर्शक लिंबाच्या कडक गोळ्या कुटून भाजलेल्या भिंतीच्या भोकांत भरल्या आणि पाच मिनिटं परत ओव्हनमध्ये. थंड झाल्यावर पिवळी काच. मी आधी साध्या साखरेचा पाक करून पाहिला होता, तो दुसऱ्या दिवशी पांढरा पडला. सासूबाई म्हणाल्या पाक साखरला, आधी लिंबू पिळायला हवं होतं. गोळ्यांमध्ये ग्लुकोज सिरप असतं, तेही तेच काम करतं, साखरेचे खडे पुन्हा बांधू देत नाही. धाकट्यानं आत छोटा विजेचा दिवा ठेवून ती खिडकी पाहिली, आणि बराच वेळ बोललाच नाही.

सजावटीच्या गोळ्या निवडताना डब्यांवर जिलेटीन नाही ना आणि ई १२० नाही ना, एवढं पाहिलं. तो लाल रंग किड्यांपासून काढतात. शेवटी विकतच्या गोळ्या फार लागल्याच नाहीत. छपरावर बदामाचे काप, दाराकडे जाणाऱ्या वाटेवर तासगावचे बेदाणे, आणि बर्फ म्हणून काटेरी हलवा!

हलव्याचं सांगायलाच हवं. सासूबाई दर वर्षी संक्रांतीसाठी हलवा करतात. दोन्ही मुलांच्या पहिल्या संक्रांतीला त्यांच्या हातचेच हलव्याचे दागिने होते. यंदा त्या म्हणाल्या की हलव्याला कोरडी थंडी लागते, इथली हवा तर त्याच्यासाठीच आहे. परात मंद आचेवर, त्यात तीळ, आणि एकतारी पाक चमचा चमचा घालत बोटांनी फिरवत राहायचं. रोज दोन तास, चार दिवस. तिसऱ्या दिवशी काटा दिसायला लागला. मुलगी शेजारी स्टुलावर उभी राहून बघत होती. पहिल्या दिवशी तिला दहा मिनिटांत कंटाळा आला होता, तिसऱ्या दिवशी ती स्वतः फिरवत होती. बोटं लाल झाली तरी उठली नाही. तो हलवा छपरावर, झाडांवर, कुंपणावर आहे. दारावर तर मुलीनं एकेक दाणा लावून तोरण केलंय.

फ्योर्डकाठ, तुम्ही सांगितलेली मोडलेल्या शहराची गोष्ट धाकट्याला फार आवडली. भिंती उभ्या करून रात्रभर थांबायचं होतं तेव्हा तो सारखा येऊन विचारत होता, पडलं का? पडलं तर आपण पुन्हा करू ना? म्हटलं, करू. वितळलेली साखर फक्त धुराड्यासाठी वापरली, तीही मुलं झोपल्यावर.

पोळपाट | १० डिसेंबर, सकाळी ६.५५

कातण! उद्या बेकरीत करून बघणार. आजींना माझा नमस्कार सांगा. आणि घर फोडाल तेव्हा तुकडे फार कडक लागले तर झाकणाच्या डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवा, दोन दिवसांत मऊ होतात. फोड रोज बदला, नाहीतर बुरशी येते.

वसईचा_किनारा | १० डिसेंबर, सकाळी ११.२०

काटेरी हलवा बर्फ म्हणून! आमच्याकडच्या दमट हवेत नाही जमणार, पण वाचूनच बरं वाटलं.

पेग्नित्सकाठ | ९ जानेवारी, रात्री ८.१०

धागा वर काढते आहे. सहा तारखेला इथे बव्हेरियात तीन राजांच्या सणाची सुट्टी असते, तेव्हा दर वर्षी आम्ही घर फोडतो. यंदा पहिला घाव आजीचा, लाटण्यानं. धुराडं तुटलं ते त्यांनीच खाल्लं. सगळे आधी त्यांच्याकडे बघत होतो. “सुंठ थोडी जास्त झाली,” एवढंच म्हणाल्या आणि दुसरा तुकडा उचलला. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

महिनाभरात सगळं वाजण्याइतकं कडक झालं होतं. पोळपाट, तुमची सफरचंदाची युक्ती भिंतींना लागू पडली, कालपर्यंत दुधाबरोबर खात होतो.

दार मात्र कोणी खाल्लं नाही. काल सासूबाई निघाल्या तेव्हा ते त्यांनी मलमलीच्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातलं. डब्यात सफरचंदाची फोड ठेवू का, असं धाकट्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, नको, कडकच राहू दे, प्रवासात तोरण तुटायला नको. आज दुपारी सांगलीहून फोन आला. तीन दाणे निखळलेत, बाकी दार शाबूत आहे.